नागपाडा ते देवनार : टाटा सामाजिक विज्ञान संस्था

देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या ओळखीची ‘टिस’, ही समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था. तिची मुळे अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत सापडतात.

19व्या शतकाच्या अखेरीस शिकागोत कारखाने वाढले आणि त्यांच्याभोवती कामगारांच्या दाट, गलिच्छ वस्त्याही वाढल्या. 1889 मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी अशाच एका वस्तीत ‘हल हाउस’ उघडले. कार्यकर्त्यांनी वस्तीतच राहायचे, पाहणी करायची आणि तिच्या आधारे कायदा बदलून घ्यायचा, ही तिथली रीत. तिथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली 1893 मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या.

शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. त्यांच्या पुढाकाराने गिरणगावाला लागून असलेल्या नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उभे राहिले. केवळ दानधर्माने दारिद्र्य हटत नाही. त्याची कारणे शोधणारी प्रशिक्षित माणसे लागतात, हे त्यांनी टाटा विश्वस्तांना पटवले. त्यातून 1936 मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅनशार्ट पहिले संचालक होते. 1941 मध्ये ते पद जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे आले, आणि 1944 मध्ये संस्थेला सध्याचे नाव मिळाले.

वर्गातील अभ्यासाला क्षेत्रकार्याची जोड हा या शिक्षणाचा कणा आहे. वस्ती, इस्पितळ, बालगृह, कारखाना अशा ठिकाणी विद्यार्थी प्रत्यक्ष काम करून शिकतात. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. कामगारांच्या तक्रारी, उपाहारगृह, पाळणाघर यांकडे लक्ष देणारा जाणता माणूस त्यामुळे कायद्यानेच आवश्यक ठरला आणि कामगार कल्याणाच्या शिक्षणाचे मोल वाढले.

संस्था काही काळ अंधेरीत होती. 1954 मध्ये ती देवनारच्या आवारात आली आणि 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रस्त्यावरच्या मुलांसाठीची ‘चाइल्डलाइन 1098’ ही दूरध्वनी सेवा 1996 मध्ये इथल्याच प्रकल्पातून सुरू झाली. देवनार, गोवंडी, मानखुर्द हा भाग ज्या एम-पूर्व प्रभागात येतो, तिथे कचराभूमीलगत मोठ्या झोपडवस्त्या आहेत. 2011 मध्ये संस्थेने हा प्रभागच अभ्यासासाठी आणि कामासाठी हाती घेतला.