अल्पशक्ती हौशी रेडिओ : दैनंदिन व्यवहार आणि भवितव्य (नागपूरच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोबाइल आणि आंतरजालाच्या काळात हौशी रेडिओ, म्हणजेच प्रचलित भाषेत 'हॅम रेडिओ', कालबाह्य झाला असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. वस्तुतः कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्यावर वा तारेवर विसंबून न राहता, स्वतःच्या यंत्राने शेकडो किलोमीटर दूरच्या व्यक्तीशी संपर्क साधता येणे ही क्षमता आजही दुर्मिळ आहे. या छंदाची अल्पशक्ती प्रक्षेपणाची शाखा 'क्यूआरपी' या नावाने ओळखली जाते. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या सांकेतिक अक्षरांत क्यूआरपी म्हणजे 'प्रक्षेपणशक्ती कमी करा'. मोर्स संकेतासाठी ५ वॅट आणि ध्वनिसंभाषणासाठी १० वॅट ही तिची रूढ मर्यादा आहे. घरातील एका एलईडी दिव्यास साधारणतः ९ वॅट लागतात, हे लक्षात घेतल्यास या मर्यादेची कल्पना येते. इतक्या अल्प शक्तीवर संपर्क कसा होतो, नागपूरहून तो विशेष सुकर का आहे आणि या छंदाचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पार्श्वभूमी

भारतात हौशी रेडिओचा प्रारंभ १९२१च्या सुमारास कोलकात्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने हौशी परवाने रद्द केले. तथापि १९४२च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओचालकाचे तंत्रज्ञान उपयोगी पडले. हे केंद्र २७ ऑगस्टपासून प्रक्षेपण करीत होते व १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या हाती लागले. पुढे ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात आणि २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानात नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली असता हौशी चालकांनी निरोपांची ने-आण केली. यंत्र जोडणारा व चालविणारा माणूस समाजात आधीपासून असणे, ही या सर्व प्रसंगांतील समान बाब होय.

हौशी सेवेची चौकट १९७८च्या नियमांनी घालून दिली. पुढील दुरुस्त्यांनी सामान्य व निर्बंधित अशा दोन श्रेणी केल्या आणि निर्बंधित श्रेणीसाठी मोर्सची अट ठेवली नाही. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेली व्यक्तीही परीक्षा देऊ शकेल अशी तरतूद झाली.

२. अल्पशक्ती पुरेशी का ठरते

शक्ती वीस पटींनी वाढविली तर संदेश वीस पटींनी ठळक ऐकू येतो, ही समजूत चुकीची आहे. ५ वॅट आणि १०० वॅट यांतील अंतर १३ डेसिबल आहे. संग्राहकावरील संदेशमापकाचा एक अंश साधारणतः ६ डेसिबलचा धरला जातो. म्हणजे वीसपट शक्ती खर्चूनही काटा जेमतेम दोन अंशांनी पुढे सरकतो. याउलट योग्य उंचीवर ताणलेली तार आणि संपर्काच्या वेळेची नेमकी निवड यांमुळे तेवढाच लाभ विनाखर्च मिळू शकतो. अल्पशक्ती चालकाचे कौशल्य या निवडीत असते.

संपर्क घडतो तो आयनांबरामुळे. सुमारे २५० ते ३०० किलोमीटर उंचीवरील 'एफ' थर लघुलहरी पृथ्वीकडे परत वळवितो. दिवसा खालचा 'डी' थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो. सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रानुसार ही स्थिती बदलते. चालू चक्राचा कमाल बिंदू २०२४च्या सुमारास येऊन गेला असल्याने पुढील काही वर्षे १४ मेगाहर्ट्झ व त्यावरील पट्टे क्रमशः मंदावतील आणि ७ मेगाहर्ट्झचे महत्त्व वाढेल.

३. नागपूरचे स्थान

देशाच्या मध्यभागी असल्याचा लाभ नागपूरला येथे प्रत्यक्ष मिळतो. सरळ रेषेत मुंबई सुमारे ६९०, दिल्ली ८५०, चेन्नई ९०० आणि कोलकाता ९७० किलोमीटर अंतरावर आहे. हैदराबाद सुमारे ४२०, तर भोपाळ ३०० किलोमीटरच्या आत आहे. चारही महानगरे एक हजार किलोमीटरच्या आत येतात आणि ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सकाळच्या वेळी नेमका हाच टप्पा आयनांबरातील एका परावर्तनात गाठता येतो. मुंबईच्या चालकास कोलकात्यासाठी जे जमवावे लागते, त्याची गरज नागपूरच्या चालकास सहसा पडत नाही.

४. दैनंदिन व्यवहार

गच्चीवर सुमारे २० मीटर लांबीची, मध्यभागी तोडून जोडतार लावलेली साधी तांब्याची तार, १२ व्होल्टची बॅटरी, लहानसे यंत्र आणि मोर्स कळ एवढे साहित्य पुरते. चालक प्रथम ऐकतो. ७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास अल्पशक्ती चालक एकमेकांस शोधतात. वारंवारता मोकळी आहे का हे विचारून तो साद घालतो. उत्तर आल्यास संकेतनाम, संदेशाची प्रत, गाव व वापरलेली शक्ती यांची देवाणघेवाण होते आणि वेळेसह नोंदवहीत नोंद केली जाते. दुर्बल संदेश ओळखण्यासाठी कान तयार व्हावा लागतो. एप्रिल ते जूनमधील वळवाच्या विजांचा कडकडाट विदर्भात या पट्ट्यांवर फार त्रासदायक ठरतो. त्या दिवसांत पहाटेची वेळ साधणे आणि वादळाची चाहूल लागताच अँटेना यंत्रापासून सोडविणे, ही शिस्त अंगी बाणवावी लागते.

यंत्राची किंमत हा पूर्वी मोठा अडसर होता. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३च्या सुमारास तयार केलेल्या 'बिटएक्स' या यंत्राच्या रचनेने तो बराच कमी केला. भारतीय बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरून घरी जोडता येईल अशी ही रचना त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली व ती जगभर स्वीकारली गेली.

५. भवितव्यापुढील प्रश्न

पहिला प्रश्न गोंगाटाचा. निकृष्ट एलईडी दिवे, चार्जर आणि काही सौर इन्व्हर्टर लघुलहरींवर सतत खरखर निर्माण करतात. या गोंगाटाखाली ५ वॅटचा संदेश सर्वप्रथम बुडतो. दुसरा प्रश्न जागेचा. बहुमजली गृहसंकुलांत तार ताणण्यास संमती मिळणे कठीण असते. तिसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. २०१७ साली आलेल्या 'एफटी ८' या अंकीय पद्धतीत संगणक १५ सेकंदांच्या टप्प्यांत संदेश पाठवितो आणि कानास मुळीच न जाणवणारा संदेशही उलगडतो. गोंगाटात बुडालेल्या अल्पशक्ती चालकास ही पद्धत वरदान आहे. मात्र निरोप संगणकच घेतो व देतो, तेव्हा ऐकण्याचे व संवादाचे कौशल्य मागे पडते. परवाने वाढूनही आपत्तीत तोंडी निरोप अचूक उतरवून घेणारी माणसे उरली नाहीत, तर या सेवेचा सामाजिक आधारच खचेल.

६. महाविद्यालयांची भूमिका

अनुभवी चालक वयस्क होत आहेत आणि त्यांची विद्या बहुतांशी पुस्तकात नाही, हातात आहे. ती हस्तांतरित होण्यास महाविद्यालय ही स्वाभाविक जागा ठरते. संस्थेच्या वा मंडळाच्या नावे केंद्र चालविण्याची तरतूद आहे. परवाना मिळेपर्यंतचा काळ ऐकण्याच्या सरावात आणि यंत्रजोडणीत घालविता येतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास आयनांबर, भूगोलाच्या विद्यार्थ्यास अंतर व सौरचक्र, गणिताच्या विद्यार्थ्यास लघुगणकाचा प्रत्यक्ष उपयोग येथे अभ्यासता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ज्या आंतरविद्याशाखीय व कौशल्याधारित शिक्षणाचा आग्रह धरते, त्यास हा उपक्रम अनुरूप आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बॅटरीवरील केंद्र उभारून निरोप पोहोचविण्याचा सराव केल्यास आपत्ती व्यवस्थापनाचे शिक्षणही प्रत्यक्ष घडेल.

निष्कर्ष

अल्पशक्ती रेडिओ खर्चाने हलका, वीजपुरवठ्यापासून स्वतंत्र आणि शिक्षणदृष्ट्या समृद्ध आहे. नागपूरचे भौगोलिक स्थान त्यास विशेष अनुकूल आहे. या छंदाचे भवितव्य अधिक शक्तीच्या यंत्रांवर अवलंबून नसून, यंत्र जोडणारे व लक्षपूर्वक ऐकणारे तरुण किती घडतात यावर आहे. अनुभवी चालक उपलब्ध आहेत तोवरच विदर्भातील महाविद्यालयांनी त्यांना प्रयोगशाळेत निमंत्रित करणे उचित ठरेल; हे काम लांबणीवर टाकल्यास गेलेली विद्या पुन्हा मिळविणे सोपे राहणार नाही.