पंतोजी आणि त्याचे खर्डे

आमच्या संग्राहक बंधूंच्या दप्तरांत सनदा, महजर, निवाडे आणि मोठ्या घराण्यांचीं पत्रें यांस मानाचें स्थान असतें. परंतु हे कागद लिहिणाऱ्या कारकुनास ज्यानें अक्षर शिकविलें, त्या गांवच्या पंतोजीचा कागद मात्र रद्दींत पडतो. पंतोजीची शाळा कशी चाले आणि तेथील कागद कसा ओळखावा, एवढेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पंतोजीस सरकारी नेमणूक नसे. देवळाची ओवरी, कोणाची पडवी किंवा स्वतःची ओसरी हीच त्याची शाळा. पालकांनीं दिलेले थोडे पैसे, धान्य आणि सणावारीं मिळणारा शिधा हें त्याचें उत्पन्न. मुंबई सरकारनें १८२४ सालीं कलेक्टरांकडून गांवठी शाळांची माहिती मागविली. त्या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केले आहेत. १८२९ च्या मोजदादीप्रमाणें मुंबई इलाख्यांत सुमारें १,७०० शाळा व ३५,००० विद्यार्थी भरतात. त्यांत सरकारी शाळा अगदींच थोड्या. म्हणजे शिक्षणाचा बहुतेक भार या पंतोजींनींच वाहिला. मात्र त्यांच्या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तेथें शिरकाव नव्हता. पंतोजीचा गौरव करितांना हें झांकून ठेवणें योग्य नव्हे.

आरंभ ‘ओनामासीधं’ या शब्दांनीं होई. हा ‘ॐ नमः सिद्धम्’ याचा अपभ्रंश होय. मूल प्रथम धूळपाटीवर बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवी. ‘धुळाक्षर’ हा शब्द तेथूनच रूढ झाला. हात बसल्यावर बोरू व कागद येई आणि मोडीचें वळण घोटलें जाई. सायंकाळीं परवचा. त्यांत पूर्णांकांचे पाढे तर असतच, शिवाय निमकी, पाउणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी व औटकीही असत. औट म्हणजे साडेतीन; संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ शब्द प्राकृतांतून झिजत झिजत या रूपास आला. धान्याचा भाव मणास साडेतीन रुपये असतां सात मणांचे किती, हें पाटी न घेतां सांगतां यावें यासाठीं ही औटकी. साडेचोवीस, म्हणजे २४ रुपये ८ आणे, हें उत्तर मुलाच्या जिभेवर असे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि या अपूर्णांकांचा बाजारांतील उपयोग ओसरत गेला.

आतां कागदाची ओळख. कित्त्यांत माथ्यावरची ओळ सरावाच्या हाताची आणि खालच्या ओळी अडखळत्या हाताच्या असतात. एकच मजकूर पुनःपुन्हां येतो. खर्ड्यांत पत्राचा मायना पूर्ण असतो, परंतु तिथि नसते, किंवा नांवाच्या जागीं ‘अमुक’ असतें. येथें संशोधकानें सावध राहावें. ‘राजमान्य राजेश्री’ असा मायना व भारदस्त मजकूर पाहून सरावासाठीं उतरलेला खर्डा अस्सल पत्र समजला जाण्याचा संभव आहे. शाई, कागद व अक्षर त्याच काळचें असल्यामुळें केवळ बाह्य परीक्षेनें हा भ्रम फिटत नाहीं. उलट पक्षीं, अस्सल पत्र कोणाच्या हातचें हें ठरविण्यास त्या गांवचा कित्ता हें उत्तम साधन होय, कारण शिष्याच्या अक्षरांत गुरूचें वळण बहुधा उतरतें.

या बाबतींत आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगणें प्राप्त आहे. सुमारें ३० वर्षांपूर्वीं एका खेड्यांत जुन्या घराच्या माळ्यावरील दोन रुमाल आम्हांस दाखविण्यांत आले. एकांत इनामाचे कागद होते, दुसऱ्यांत फाटके खर्डे. पहिला आम्हीं आणिला. दुसरा ‘पोरांची गिरवागिरव’ म्हणून तेथेंच टाकून आलों. पुढें त्या इनामपत्राच्या लेखकाविषयीं शंका निघाली, तेव्हां स्मरलें कीं दुसऱ्या रुमालांतील माथ्याच्या ओळी बऱ्याचशा त्याच वळणाच्या होत्या. पुनः गेलों, तों ते कागद चुलींत गेले होते. दोष घरच्या मंडळींचा नव्हे. रद्दी हें नांव त्यांस आम्हींच दिलें होतें. जन्मभर मुलांना कित्ते घालून देणाऱ्या शिक्षकानें तसें म्हणावें, याची खंत अद्याप जात नाहीं.

सबब संग्राहकांस विनंति आहे कीं, रुमाल सोडतांना मुलांचे कागद वेगळे काढून फेकूं नयेत. ते कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं व कोणत्या कागदांबरोबर मिळाले हें टिपून त्यांच्या जोडीनेंच ठेवावे. ज्यानें शेंकडों हात लिहिते केले, त्या पंतोजीचें स्वतःचें चरित्र कोणीं लिहून ठेविलेलें नसतें. कित्त्याच्या माथ्यावरची ती एक ओळ हाच पुष्कळदां त्याचा एकमेव पुरावा होय.