गेमिंग कन्सोल : किंमत किती, मोल किती?

सोनीचा प्लेस्टेशन 5 फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात आला तो 49,990 रुपयांना. पाटोद्यासारख्या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात हा आकडा मजुरीत मोजून पाहावा : रोजगार हमीच्या 2025-26 मधील 312 रुपये दराने तब्बल 160 दिवसांचे काम! नव्या गेमचे पैसे वेगळेच. थांबले तर स्वस्त मिळेल, हाही भरवसा नाही. 2022 मध्ये किंमत उलट 54,990 झाली.

खरा हिशेब मात्र वेळेचा. झोप, अभ्यास, कामधंदा बुडूनही खेळण्यावर ताबा राहत नसेल आणि हे साधारण 12 महिने चालले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. त्यामुळे कन्सोलसाठी कर्ज काढू नये आणि खेळाची वेळ आधीच ठरवावी. ती पाळली जाणार नसेल, तर कन्सोल फुकटातही महागच.