फळ मद्यात की मद्य फळातून?

युरोपातील घरांत पिकलेल्या चेरी बरणीत भरून वर साखर व ब्रँडी ओततात आणि काही महिन्यांनी जेवणानंतर दोन-चार फळे लहान पेल्यात घेऊन चवीने खातात. आठळ्या तशाच ठेवल्यास रसाला बदामासारखा गंध येतो. आमच्या नांदेड-लातूरकडे चेरी पिकत नाही; पानावर लावलेली लाल चेरी म्हणजे बहुधा साखरेत मुरवून रंगवलेले करवंद! तिच्या कुळातील पद्मक आपण वापरतो, परंतु त्याचे काष्ठ, फळ नव्हे. तथापि फळ व मद्य यांचा संयोग आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात ८४ आसव सांगितले, त्यांपैकी २६ फळांचे असून त्यांत मृद्वीका आहे.

भेद मात्र मूलभूत आहे. बरणीत तयार मद्य बाहेरून येते. ब्रँडीत मद्यार्क सुमारे ४० टक्के, तो फळातील पाण्याने काहीसा उतरतो. द्राक्षारिष्टात मद्य संधानातूनच जन्मते व सामान्यतः ५ ते १० टक्क्यांवर थांबते. म्हणूनच संधान फसल्यावर वरून स्पिरिट घालून घाणा सावरणे हा आमच्या मते सरळ अपमिश्रणाचा प्रकार होय.

घाणा फसतो तो बहुधा कच्च्या मालामुळे. हायड्रॉस घालून उजळलेला पिवळाधमक गूळ किंवा गंधकाची धुरी दिलेला सोनेरी बेदाणा किण्वाला मारक ठरतो. अडतीत दिसायला सुंदर माल टाळून काळपट गूळ व बियांची काळी मनुका घ्यावी, हे औषधीनिर्मात्या बंधूंना आग्रहाने सांगावेसे वाटते. दुसरा शत्रू आपला उन्हाळा. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखाली ठेवलेले पात्र आंबट होते. पात्र धान्यराशीत वा जमिनीत पुरण्याची जुनी रीत तापमान स्थिर राखण्यासाठीच होती. आवाज थांबला, प्रक्षेप तळाशी बसला आणि पात्रात धरलेली काडी विझेनाशी झाली की संधान पूर्ण समजावे.

आता आस्वादाविषयी. द्राक्षारिष्ट रुचकर आहे, त्यामुळे काही ग्राहक चिठ्ठीवाचून बाटल्या नेतात व पेल्याने पितात. शार्ङ्गधरांनी मात्रा एक पल सांगितली; सांप्रत १२ ते २४ मि.ली. समभाग पाण्यासह, जेवणानंतर, हीच रीत आहे. कास, क्षय, उरःक्षत यांतील हा योग 'टॉनिक' म्हणून सरसकट खपवणे योग्य नव्हे. पाठात मनुकेच्या चौपट गूळ आहे, हे मधुमेही रुग्णापुढे विसरून चालत नाही. यकृतविकारी, गर्भिणी आणि मेट्रोनिडाझोल घेणारे यांनाही ते देऊ नये.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट नाजूक आहे. नांदेडला सचखंड हुजूर साहिब आहे, दोन्ही जिल्ह्यांत मुस्लिम व जैन कुटुंबे आहेत, माळकरी तर गावोगाव. यांतील अनेकांना मद्य वर्ज्य असते आणि अरिष्टात ते असते हे ठाऊक नसते. लेबलावरील बारीक अक्षरे रुग्ण वाचत नाही. दुकानदाराने बाटली देण्यापूर्वीच ते तोंडी सांगावे. नकार आल्यास वैद्याकडे परत पाठवावे. वैद्याने द्राक्षाक्वाथ किंवा रात्री भिजवून सकाळी कुस्करलेली मनुका द्यावी. गुण अगदी तोच येत नाही, हेही रुग्णाला सांगावे.