ज्याच्या नावाने ठेका ओळखला जातो

बुलडाणा जिल्ह्यात तालाला तोटा नाही. शेगावच्या दिंड्यांत पखवाज घुमतो. गावोगावी तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर रंगतात. पोळ्याला डफडं लागतं आणि गोंधळाला संबळ. भजनी मंडळापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत ढोलक तर सगळीकडेच असते. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही गावातल्या मुरलेल्या ढोलकवाल्यापुढे मुकेशचं एखादं जुनं गाणं सुरू करा. त्याचे हात हमखास एका उसळत्या, चालत्या ठेक्यावर जातात. तो ठेका त्याने उस्तादाकडून घेतला असेल, वडिलांकडून घेतला असेल किंवा नुसता रेडिओ ऐकून उचलला असेल. चित्रपटसंगीतातल्या वादकांत त्याला दत्तू ठेका किंवा दत्ताराम ठेका म्हणतात. हा दत्ताराम म्हणजे दत्ताराम वाडकर, शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यातला तालाचा कारभारी.

झपताल, रूपक, केरवा ही नावं परंपरेने आपल्याकडे आली. ती कुणा एका वादकाची नाहीत. वादक म्हणून ज्याचं नाव तबकडीवर छापलं गेलं नाही, अशा स्टुडिओतल्या एका वादकाचं नाव ठेक्याला चिकटलं, ही आपल्या संगीतातली दुर्मीळ गोष्ट आहे. ते नाव कुठल्या समितीने दिलं नाही, वादकांनी एकमेकांशी बोलता बोलता दिलं. कलावंताला त्याच्या व्यवसायबंधूंकडून मिळालेला याहून मोठा मान मला तरी ठाऊक नाही.

व्यायामशाळेतली ओळख

दत्ताराम यांचा जन्म 1929 सालचा, गोव्यातला. लहान वयात ते मुंबईत आले आणि पंढरीनाथ नागेशकरांसारख्या जाणत्या गुरूकडे तबला शिकले. नागेशकरही मूळचे गोव्याचेच. म्हणजे दत्तारामांच्या हाताला आधी शास्त्राचं वळण लागलं आणि लोकप्रिय संगीत त्यानंतर आलं. ठेक्यातली सफाई त्या पायातून आली आहे.

संगीतकार शंकर यांच्याशी त्यांची ओळख व्यायामशाळेत झाली. शंकर स्वतः कुस्तीचे शौकीन आणि पक्के तबलिये. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये ते वाजवत असत. दत्तारामांचा हात ऐकून त्यांनी त्यांना तिथे नेलं. राज कपूर यांच्या 'बरसात'ने (1949) शंकर-जयकिशन ही जोडी उभी राहिली, तेव्हापासून दत्ताराम त्यांच्याबरोबर होते. 'आवारा'च्या (1951) वेळची एक हकीकत जुन्या संगीतप्रेमींत सांगितली जाते. ढोलकीचे नामांकित वादक लाला गंगावणे एका ध्वनिमुद्रणाला येऊ शकले नाहीत, ढोलक दत्तारामांच्या हाती आली आणि मग ती त्यांच्याकडेच राहिली.

तबलजीने ढोलक धरणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तबल्याला मैफिलीची प्रतिष्ठा होती आणि ढोलक लोकांची, अंगणातली. हिंदी चित्रपटात तिला मानाचं स्थान दिलं ते गुलाम हैदर यांनी 1941च्या 'खजांची'त, पंजाबी ढंगाने. दत्तारामांनी त्या रांगड्या वाद्यात तबल्याची बोटं आणली. ढोलकीचा जोम तसाच राहिला आणि प्रत्येक अक्षर मात्र सुटं, स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

ठेक्यात आहे तरी काय

ढोलकीला दोन तोंडं. उजवीकडचं लहान आणि चढ्या आवाजाचं, डावीकडचं मोठं आणि खर्जातलं. डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो. त्यामुळे तळहाताची कड दाबत सरकवली की आवाज खालून वर चढतो. यालाच घुमका म्हणतात. ढोलकीची गंमत या घुमक्यात आहे, कारण तो नुसता ठोका न राहता छोटासा सूर होतो आणि गायकाच्या ओळीखाली वळत जातो.

दत्ताराम ठेक्याचा सांगाडा केरव्याचा. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धि न. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. भजनात, भावगीतात, लावणीत, सिनेमात सर्वाधिक वाजणारा हा ताल आहे आणि त्यामुळेच तो सगळ्यांत लवकर कंटाळवाणाही होतो. दत्तारामांनी त्याच्या मात्रा बदलल्या नाहीत, वजन बदललं. गाणं संथ चालतं तेव्हाही ढोलक दुगुनीच्या चालीत बोलत राहते. दोन मात्रांमधल्या अर्ध्या जागेवर बोट पडतं, घुमका पुढच्या मात्रेकडे ढकलतो आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो.

हे नीट ऐकायचं असेल तर 'परवरिश'मधलं (1958) मुकेशचं 'आँसू भरी हैं' काढा. त्याचं संगीत दत्तारामांचं स्वतःचं आहे. शब्द दुःखाचे आणि मुकेशचा आवाज जड, लांब ओळींवर रेंगाळणारा. दुसऱ्या कुणी इथे ताल मंद केला असता, हलक्या हाताने तबल्याची साथ दिली असती. दत्तारामांची ढोलक मात्र हसतमुखाने चालत राहते आणि त्याने दुःख कमी होण्याऐवजी खोल होतं. ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्यालाही उद्या उठून कामाला जायचंच असतं, हे शब्दांत कुठेही न सांगितलेलं सत्य तो ठेका सांगतो. पालखी उचलणारे भोई पावलं जुळवून टाकतात म्हणून पालखी डुलते पण कलत नाही, तशी ती ढोलक मुकेशच्या आवाजाखाली चालते.

मग 'जिस देश में गंगा बहती है'मधला (1960) राजू आठवा. पडद्यावर राज कपूरच्या हातात डफली आहे आणि त्याच्या 'मेरा नाम राजू'त हाच ठेका वेगळा बोलतो. इथे दुःख नाही, भोळ्या माणसाची ओळख आहे. 'परवरिश'मध्ये धीर देणारी चाल इथे निरागस होते. एकच ठेका दोन टोकांच्या भावनांना पुरतो, कारण गाण्याला काय वाटावं हे तो ठरवत नाही. तो फक्त गाण्याला चालतं ठेवतो.

एका टेकची शिस्त

आज ध्वनिमुद्रणात ढोलक एके दिवशी वाजते, गायक दुसऱ्या दिवशी गातो आणि चुकलेली मात्रा संगणकावर सरळ करता येते. दत्तारामांच्या ऐन उमेदीच्या काळात गायक, व्हायोलिनांचा ताफा, अकॉर्डियन आणि तालवाद्यं एकाच दालनात, एकाच वेळी वाजत. मुद्रण मोनो, माइक मोजके. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्याला कुणाची थाप चुकली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. चुकलेला ढोलकवाला साऱ्या दालनाच्या नजरेत येई.

त्यात ढोलकीचा स्वतःचा त्रास असे. तिचा खर्ज दूर जातो आणि गायकाच्या माइकमध्येही शिरतो. तो नंतर वेगळा काढण्याची सोय नव्हती, म्हणून आवाजाचा तोल वादकाच्या पंजातच असावा लागे. जोम हवा पण मोठेपणा नको, हे रोज साधायचं. पावसाळ्यात कातडं दमट होऊन उतरतं, कड्या सरकवून ते पुन्हा गायकाच्या सुराला लावायचं. लय धरून देणारा यांत्रिक ठोका कानात नसे. पन्नास-साठ माणसांचं घड्याळ म्हणजे ताल धरणारी ही मंडळी. पहिल्या टेकला जी लय होती तीच आठव्या टेकलाही असली पाहिजे, नाहीतर गायकाचा श्वास चुकतो आणि व्हायोलिनांचा गज मागे पडतो.

मैफिलीतला वादक लय वाढवून टाळ्या घेऊ शकतो. स्टुडिओतल्या वादकाला ती मुभा नाही. त्याचं कसब त्याने काय वाजवलं यापेक्षा काय वाजवायचं टाळलं यात दिसतं. गायकाची ओळ सुरू असताना साधा ठेका धरायचा, ओळ संपून पुढची यायच्या आत एखादा तोडा किंवा उठाव टाकायचा आणि समेवर पुन्हा जागेवर यायचं. दत्तारामांच्या वाजवण्यात हा विवेक सतत ऐकू येतो. दोन ओळींमधल्या त्या इवल्या जागेत ते एवढंच बोलतात, जेवढ्याने पुढची ओळ ऐकायची ओढ लागेल.

सहायक

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं एक ओळ येते: सहायक, दत्ताराम आणि सेबॅस्टियन. सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचे, वाद्यवृंदाची आखणी करणारे. व्हायोलिनांच्या लाटा, पितळी वाद्यांचे हुंकार त्यांच्या लेखणीतून उतरत. तालाची सगळी बाजू दत्तारामांकडे. कुठल्या गाण्याला ढोलक, कुठे तबला, कुठे डफ, कुठे बोंगो, कोण काय वाजवणार आणि अंतऱ्यात ठेका कसा वळणार, हे ते पाहत. म्हणजे त्या काळच्या शेकडो गाण्यांच्या चालण्यामागे हा एक कान होता. शंकर-जयकिशनचा जो ठसा आपण लगेच ओळखतो, त्यात चाल त्यांची, साज सेबॅस्टियनचा आणि पाऊल दत्तारामांचं.

संगीतकार म्हणून त्यांनी स्वतंत्र कामही केलं. आर. के. फिल्म्सचा 'अब दिल्ली दूर नहीं' (1957), मग 'परवरिश', 'कैदी नं. 911' (1959), 'श्रीमान सत्यवादी' (1960), 'जिंदगी और ख्वाब' (1961). पहिल्या चित्रपटातलं चिमणीचं बालगीत आजही आजी-आजोबा नातवंडांना ऐकवतात. 'जिंदगी और ख्वाब'मधलं मन्ना डे आणि सुमन कल्याणपूर यांचं 'न जाने कहाँ तुम थे' ऐकलं तर ढोलकवाल्याच्या मनात किती हळुवार चाली होत्या ते कळतं. तरीही स्वतःचं बस्तान बसवण्यासाठी त्यांनी शंकर-जयकिशनची साथ सोडली नाही. स्वतःच्या नावाने यशस्वी गाणी दिल्यावरही पुन्हा दुसऱ्याच्या गाण्यासाठी ढोलकीपाशी बसायला मोठं मन लागतं.

2007 साली गोव्यात त्यांचं निधन झालं.

सातासमुद्रापलीकडचे भाऊबंद

दत्तारामांचं काम नेमकं कोणत्या जातीचं होतं हे समजायला अमेरिकेकडे पाहण्याचा उपयोग होतो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत हाल ब्लेन नावाचा ड्रमर होता. जन्म दत्तारामांच्याच साली, 1929मध्ये. 1966 ते 1971 अशी सलग सहा वर्षं ग्रॅमीचा सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा मान मिळालेल्या गाण्यांत ड्रम त्याचे आहेत. गाणी वेगवेगळ्या कलाकारांची, ठोका एकाचा. बर्नार्ड पर्डी या दुसऱ्या ड्रमरच्या नावाने तर लयीचा एक प्रकारच ओळखला जातो, पर्डी शफल. जगभरचे ड्रमर तो शिकतात.

मुंबईतही दत्ताराम एकटे नव्हते. कावस लॉर्ड यांनी लॅटिन अमेरिकेची तालवाद्यं आपल्या गाण्यांत रुजवली. मारुतीराव कीर यांनी सचिनदेव बर्मन आणि राहुलदेव बर्मन या पितापुत्रांच्या संगीताचा ताल सांभाळला. लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ यांनी ड्रम वाजवले. गोव्याचे, पारशी, मराठी, उत्तरेकडचे असे किती तरी हात त्या दालनांत एकत्र आले आणि त्यांतून देशभरच्या पायांना कळणारी लय तयार झाली.

पर्डीबद्दल तिकडे शिकवण्या आहेत, चित्रफिती आहेत, त्याचा ठेका अक्षर-अक्षर उलगडून लिहिलेला आहे. आपल्याकडे 78 आरपीएमच्या तबकडीवर गायक, चित्रपट आणि संगीतकार एवढंच छापलं जाई. रेडिओ सिलोनवर किंवा 1957मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सांगत. शेगाव, नांदुरा, मलकापूरच्या घरांत ही गाणी पोहोचली ती अशीच, वादकांच्या नावांशिवाय. ठेका मात्र ऐकणाऱ्यांनी उचलला. भजनात आणला, लग्नात आणला, गणपतीच्या मांडवात आणला. प्रत्येकाने त्यात आपल्या हाताचं काही घातलं. लोकसंगीतातून सिनेमात गेलेली ढोलक नव्या चालीने लोकांकडे परत आली.

ही परंपरा जपायला फार खर्च लागणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ऑर्केस्ट्राच्या निवेदकाने गाण्याआधी गायक-संगीतकारांबरोबर मूळ ताल कुणाचा तेही सांगावं आणि मंचावर बसलेल्या ढोलकवाल्याचं नाव घ्यावं. गावोगावच्या भजनी मंडळांत तबला-ढोलक शिकणाऱ्या पोरांना केरव्याचे बोल देताना गुरुजींनी दत्तारामांची दोन गाणी ऐकवावीत आणि घुमका कुठे येतो ते बोट ठेवून दाखवावं. पोरं दोन दिवसांत वाजवू लागतील. सफाईने, गाण्याच्या मागे राहून वाजवायला मात्र वर्षं लागतील. दत्तारामांचं मोठेपण किती, हे त्यांना त्या वर्षांतच कळेल आणि कुठल्याही लेखापेक्षा ते जास्त पक्कं कळेल.