खाली बसलेली गाडी वर उचलताना

भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये, क्वार्टरसमोर, रविवारी सकाळी सहज दिसावं असं हे दृश्य. चिरंजीवांनी हौसेने स्प्रिंगा बदलून मोटार दोन इंच खाली बसवलेली. मित्रांनी कौतुकही केलेलं. आज टायर पंक्चर झालाय आणि जॅक काही केल्या गाडीखाली शिरत नाही. आई दारातून सांगतेय, 'अरे, मेकॅनिकला बोलाव!'

ज्या गावात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तिथे भार उचलणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण घरच्या जॅकचं गणित इंचांचं असतं. आपल्याकडच्या मोटारींचं पोट साधारण साडेसहा-सात इंच वर असतं. गाडी खाली बसवली आणि वर चाकातली हवा गेली, की त्या बाजूला तीनच इंच उरतात. गाडीसोबत मिळणारा कातरी जॅक मिटवला तरी चारेक इंचांचा. बाटली जॅकचं तर नावच नको.

यावर मेकॅनिक लोकांचा तोडगा अगदी साधा आहे. दीड-दीड इंच जाडीच्या, टायरपेक्षा रुंद अशा दोन फळ्या घ्यायच्या, खालची लांब, वरची आखूड. पायरीसारख्या रचून पंक्चर चाक हळूच त्यांवर चढवायचं. फूट-दीड फुटाने टायरचं काही बिघडत नाही. मग हँडब्रेक, पहिला गिअर आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला मागून-पुढून दगड. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके देणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

जॅक लावायचा तो दाराखालच्या कडेला, कंपनीने ठरवलेल्या जागीच. हौशी गाड्यांना तिथे प्लास्टिकची झालर असते. तिच्यावर भार आला की ती कडकन मोडते. शिवाय मे महिन्यात छत्तीसगडच्या उन्हात डांबर इतकं मऊ होतं, की जॅकचा पाय आत रुततो. त्याखाली प्लायवुडचा तुकडा हवा.

खरा धोका पुढेच आहे. नट घरंगळला म्हणून कुणी पटकन गाडीखाली डोकं घालतो. कातरी जॅक बाजूला कलंडू शकतो, तेलाचा जॅक वॉशर गळला की बसतो आणि वर आठशे-हजार किलोंची मोटार असते. विटांचा आधारही फसवा, त्या न सांगता फुटतात. गॅरेजात लोखंडी घोड्या लावतात त्या याचसाठी. घरी निदान काढलेलं चाक तरी कडेखाली आडवं सरकवून ठेवावं.

कायद्याचंही एक लचांड आहेच. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. चिरंजीवांना हे सांगून पाहावं!

आणि हो, नवं चाक बसवल्यावर गाडी उतरवायच्या आधी फळी पुन्हा त्याच्याखाली सरकवावी. नाहीतर गाडी खाली येते आणि जॅकच अडकून बसतो.