दोन बोटे गेली, सूर सापडला

कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पत्र्याचे काम करणारा १७ वर्षांचा टोनी आयोमी आता नोकरी सोडून पूर्ण वेळ गिटार वाजवणार होता. पण १९६५ सालच्या त्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. टोनी डावखुरा. तारा दाबायचा त्याचा हात उजवा, आणि जखमी झाला तो नेमका तोच! डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले.

खचलेल्या टोनीला कारखान्याच्या व्यवस्थापकाने एक रेकॉर्ड ऐकवली. वादक होता जँगो राइनहार्ट. १९२८च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही तो थोर जाझ गिटारवादक ठरला होता.

टोनी कामाला लागला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपणे बनवली, वर कातडे चिकटवले. टोपणातून तार जाणवत नसे, म्हणून कानावर भिस्त ठेवली. जाड तारा दाबवेनात, तेव्हा बँजोच्या पातळ तारा चढवल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’साठी तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. त्या सैल झाल्या आणि सूर आणखी खर्जात गेला.

त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची हीच जड, गंभीर धून पुढे ‘हेवी मेटल’ म्हणून जगभर गेली. वेग रियाजाने येतो. स्वतःचा सूर मात्र टोनीला अडचणीनेच दिला. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच या चमूने निरोप घेतला, तेव्हाही त्याच्या बोटांवर टोपणे होतीच!